कोमलच्या कॉलेजचं विचारायला

बेल वाजली तेव्हा रोशनीने आधी लॅपटॉप उघडला, हेडफोन गळ्यात अडकवला आणि मग दार उघडलं.

दारात काशिराम काका उभे होते. एका हातात निथळणारी छत्री, दुसऱ्या हातात तोंड दोऱ्याने आवळलेली कापडी पिशवी. त्यांच्या मागे त्यांची मुलगी कोमल जिन्यातच चपला काढत होती.

"कामात हाईस का, बाय?"

"या ना काका. मीटिंग आत्ताच संपली."

हे वाक्य तिच्या तोंडात आता बसून गेलं होतं. इमारतीच्या वॉचमनला, सिलिंडर आणणाऱ्याला, फोनवर आईला, सगळ्यांना ती हेच सांगायची. काका आत आले, छत्री कुठे ठेवावी ते न कळून दारामागे उभी केली आणि टेबलावरच्या उघड्या लॅपटॉपकडे अदबीने पाहून खुर्ची जरा लांब ओढून बसले. जणू त्यातून कोणी त्यांना पाहत होतं.

"वैनीनं सोडे दिलेत," पिशवी पुढे करत ते म्हणाले. "यंदा पावसाआधी चांगले सुकले."

रोशनीने पिशवी ओट्यावर ठेवली. या घरात राहायला आल्यापासून गावचं, उरणजवळच्या करंजातलं कोणी पहिल्यांदाच तिच्याकडे येत होतं. काका तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेल्यावर घरची बोट तेच चालवायचे. मासेमारीची बंदी होती, बोट किनाऱ्यावर ओढलेली होती, म्हणून ते मोकळे होते. पनवेलच्या स्टँडवर उतरल्यावर त्यांनी फोन केला होता: कोमलच्या कॉलेजचं जरा विचारायचं हाय, येऊ का. तेवढ्या वेळात रोशनीने केस विंचरले होते आणि घरातल्या टी-शर्टवर ऑफिसचा शर्ट चढवला होता.

बेंगळुरूची नोकरी जाऊन आठ महिने होत आले होते. एका सकाळी अर्ध्या टीमला एकाच मीटिंगला बोलावलं होतं. कोणी तरी इंग्रजीत फार हळू आवाजात वाचून दाखवलं, आणि ती मीटिंग संपेपर्यंत तिच्या लॅपटॉपवरची ऑफिसची सगळी दारं बंद झालेली होती. घरी तिने सांगितलं, आता घरूनच काम आहे, म्हणून पनवेलला येऊन राहते. आई म्हणाली होती, मग इथंच ये की. रोशनी म्हणाली, करंजाला नेट टिकत नाही. आईने पुढे काही विचारलं नाही. नवीन पनवेल तिने नीट विचार करून निवडलं होतं. घर जवळ आहे असं सांगता येण्याइतकं ते जवळ होतं, आणि सहज जाता-येता कोणी डोकावणार नाही इतकं लांब.

"तर त्याचं असं हाय," काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "हिला दोन जागी लागतंय. दोनी ठिकानी कंप्युटरच. एक हितं पनवेलला, आपला कुंदन शिकला तिथं. आनि दुसरं तुझं. जिथं तू शिकलीस तेच. आता तूच सांग. नावाचा काय उपेग होतो का नाय? नोकरी नाव बघून देतात, का शिकलेलं बघून?"

रोशनी कोमलकडे वळली. कोमल सॅक मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसली होती.

"तुला काय वाटतं?"

"तू सांग ना, ताई."

"सीट कधीपर्यंत घ्यायची आहे?"

काकांनी कोमलकडे पाहिलं. कोमलने सॅकच्या पट्ट्याकडे.

"हाय, हाय आजून टाइम," काका म्हणाले.

रोशनी चहा ठेवायला उठली. साखरेचा डबा शोधताना तिच्या लक्षात आलं, की आपल्याला या प्रश्नाचं उत्तर द्यावंसं वाटतंय. प्रश्न तिला रोजच विचारले जात. नोकरीच्या मुलाखतीत स्क्रीनवर एखादा चेहरा यायचा, कधी चेहरा नसायचाच, आणि तो तिला काहीबाही सोडवायला द्यायचा. पण तिथे विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असायचं. तिला येतं की नाही एवढंच त्याला बघायचं असायचं. काकांना खरोखर माहीत नव्हतं. ते तिच्या पाठीकडे बघत वाट पाहत होते.

"नावाचा उपयोग होतो, काका," ती गॅसकडे तोंड करूनच म्हणाली. "खोटं कशाला सांगू? मला पहिली नोकरी लागली तेव्हा त्यांनी फारसं काही विचारलंच नाही. कंपनी कॉलेजातच आली होती. कुठलं गाव, काय आवडतं, कधी येशील, बस. पुढं मी ऑफिसात बघितलं ना. एका जागेसाठी ढिगानं अर्ज यायचे. सगळे कोण वाचणार? आधी कॉलेजचं नाव बघायचे. ओळखीचं नसलं की बाजूला."

"म्हंजे कोलबी निवडतात तशी. बारीक ती येगली."

"कोलंबी निदान हातात घेऊन तरी बघतात, काका."

काका यावर जरा हसले. चहा उकळत राहिला. रोशनी बोलत राहिली. नाव पहिल्या दारापर्यंत नेतं, आत गेल्यावर काम यावंच लागतं. शिकवणारे चांगले असतात, पण सोबतची मुलं त्याहून महत्त्वाची, कारण ती रात्रंदिवस त्यातच असतात. मोठ्या कॉलेजातल्या मुलांना एकमेकांची ओळख पुढे जन्मभर पुरते. लहान कॉलेजातल्या मुलाला तेच सगळं एकट्याने, बाहेरून, दुप्पट कष्ट करून मिळवावं लागतं. ती हात हलवून बोलत होती. किती दिवसांत आपण इतकी वाक्यं सलग बोललो नव्हतो, हे तिला बोलता बोलताच जाणवलं आणि ती कप भरण्यासाठी थांबली.

"पन कुंदनला लागली की," काका म्हणाले.

"दोन वर्षांनी, बाबा," कोमल म्हणाली.

आल्यापासून ती आपणहून बोललेलं हे पहिलंच वाक्य होतं. काकांनी मान डोलावली. दोन वर्षं कुंदन, कोमलचा थोरला भाऊ, फाइल घेऊन महापे, ऐरोली, कुठे कुठे फिरला होता. इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी निघायचा आणि संध्याकाळी तोच शर्ट चुरगळून परत यायचा. शेवटी द्रोणागिरीच्या एका कंटेनर गोदामात, कोणता कंटेनर कुठे ठेवलाय ते सांगणारी यंत्रणा सांभाळायला कोणी तरी हवं होतं, तिथे लागला.

"पन दुपारचं जेवायला घरी येतं," काका म्हणाले. "गाडी काढतं, येतं, जेवतं, जातं."

रोशनीने त्यांच्यापुढे कप ठेवला.  

काका बशीत चहा ओतून प्यायले. बशी खाली ठेवताना त्यांनी विचारलं, "तुला बरं वाटायचं का गं तिथं?"

"हो," रोशनी म्हणाली. "चांगलं होतं."

ते तिच्याकडे नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ बघत राहिले. मग धोतर झटकावं तशी पँट झटकत उठले. "जरा खाली जाऊन येतो. तंबाखू संपलीय. तुमी बोला."

दार लागलं. पायऱ्यांवर काकांची पावलं वाजत गेली.

कोमल खिडकीपाशी उभी राहिली. बाहेर पाऊस बारीक झाला होता. समोरच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर प्लास्टिक लावून कपडे वाळत टाकले होते. रोशनीने तिच्याकडे पाहिलं. स्वतः कॉलेजला निघाली तेव्हा तीही एवढीच होती. तेव्हा करंजाच्या बंदरावर तिच्या फोटोचा मोठा फलक लागला होता आणि तो बांधायला काकाच शिडीवर चढले होते. जाताना गाडीभोवती माणसं जमली होती. आईने तिला मिठी मारली नव्हती, फक्त पिशवीची चेन पुन्हा पुन्हा लावून बघितली होती.

"बाबांसमोर बोलले नाही ते तुला सांगते," रोशनी म्हणाली. "तुलाच जायचंय, तर तुला माहीत असावं."

कोमल खिडकीतून वळली.

"माझ्या ऑफिसात एक सत्यजीत म्हणून मुलगा होता. लातूरकडचा. त्याच्या कॉलेजचं नाव मी तोवर ऐकलंही नव्हतं. तो आमच्याकडे यायच्या आधी तीन वर्षं नुसता अर्ज करत होता. कोणाला विचार, कोणाच्या ओळखीनं जा, नाही म्हणाले तरी महिन्यानं पुन्हा विचार. मला आणि त्याला एकाच दिवशी काढलं."

ती थांबली. बोलून गेल्यावर ते शब्द खोलीत किती लहान वाटले. आठ महिने तिने ते तोंडात धरून ठेवले होते. 

"त्यानं त्याच संध्याकाळी फोन करायला सुरुवात केली. ओळखीच्या, बिनओळखीच्या, सगळ्यांना. मला काढलंय, कुठं काही आहे का. असं सरळ. दोन महिन्यांत लागला. मी कोणालाच फोन केला नाही. मला येतच नाही ते, कोमल. मला कधी मागावंच लागलं नव्हतं. सगळं नावावर मिळत गेलं. आता मुलाखतीत विचारतात, एवढ्या मोठ्या कॉलेजची तू, मग इतके महिने घरी का? सत्यजीतला असं कोणी विचारत नसेल. त्याच्याकडून कोणाची तशी अपेक्षाच नसते."

बाहेर कुठून तरी विमानाचा आवाज आला, ढगांमागून, आणि बराच वेळ जात राहिला.

रोशनीने हेडफोन गळ्यातून काढला आणि टेबलावर ठेवला. मग तिच्या लक्षात आलं की कोमल दचकली नव्हती. डोळे मोठे केले नव्हते, 'म्हणजे?' असं विचारलं नव्हतं. ती फक्त ऐकत होती, आधी ऐकलेली गोष्ट पुन्हा ऐकावी तशी.

"तुला माहीत होतं?"

कोमलने होकारार्थी मान हलवली.

"कोणी सांगितलं?"

"मोठ्या आईला कळलं. तू शिमग्याला आलीस तेव्हा." ती जरा घुटमळली. "म्हणाली, तीन दिवस राहिली, पण फोन एकदाही वाजला नाही. आधी यायची तेव्हा जेवणावरून उठायची फोनसाठी."

मोठी आई म्हणजे रोशनीची आई. रोशनी पलंगावर बसली. शिमगा होऊन चार महिने झाले होते. त्या चार महिन्यांत आईचा फोन रोज संध्याकाळी यायचा. काम झालं का, असं आई विचारायची. हो, आताच झालं, असं ती सांगायची. दमलीस का? हो, जरा. मग जेव आणि झोप. रोज.

"आणि काकांना?"

"बाबांना, आईला, कुंदनदादाला. बाकी बाहेर कोणाला नाही. मोठ्या आईनं बजावलंय."

रोशनी खिडकीकडे आली, कारण कोमलच्या समोर बसून राहणं तिला जमेना. खाली रस्त्यापलीकडे पानाच्या टपरीच्या पत्र्याखाली काका उभे होते. तंबाखूची पुडी त्यांच्या हातात नव्हती. फोन कानाला लावून ते भिंतीकडे तोंड करून बोलत होते, मोठ्याने बोलणाऱ्या माणसाला दबक्या आवाजात बोलावं लागतं तसे खांदे आवळून.

"कोणाला फोन लावलाय काकांनी?"

"मोठ्या आईलाच असेल."

 कोमल खिडकीच्या गजावरचं पाणी बोटाने पुसत होती.

"ताई, एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"सांग."

"सीट मी घेतली. मागच्याच आठवड्यात. तुझ्याच कॉलेजात. बाबांनीच सही केली."

रोशनीला आधी नीट कळलं नाही. मग काकांचं ते 'हाय आजून टाइम' आठवलं, आणि पाठांतर म्हणून दाखवावं तसा गुडघ्यांवर हात ठेवून विचारलेला प्रश्न.

"मग विचारायला कशाला आलात?"

कोमलने बोट गजावरून काढलं. उत्तर द्यावं की नाही हे तिला ठरवावं लागलं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"मोठी आई म्हणाली, तिला हल्ली कोणी काही विचारत नसेल. जा, काहीतरी विचारून या."

जिन्यात पावलं वाजली. रोशनी मोरीत गेली, तोंडावर पाणी मारलं आणि नळ थोडा वेळ तसाच चालू ठेवला. बाहेर आली तेव्हा काका त्याच खुर्चीत, त्याच जागी बसले होते. पावसाने त्यांचा एक खांदा भिजला होता.

"मंग?" ते म्हणाले. "काय ठरलं तुमचं? काय करू मी हिचं?"

रोशनीने कोमलकडे पाहिलं. कोमलने खाली पाहिलं. आता सांगून टाकता आलं असतं. पण हा माणूस उरणहून एसटीने आला होता, भिजला होता, आणि त्याला जे पाठ करून पाठवलं होतं ते तो शेवटपर्यंत नीट पार पाडत होता.

"पाठवा, काका," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की. पण हिला काही गोष्टी सांगून ठेवते." ती कोमलच्या शेजारी बसली. "पहिले काही महिने तिथं कोणी जेवायला हाक मारणार नाही. तू खोलीत वाट बघत बसू नकोस. ताट घ्यायचं आणि जिथं चार जण बसलेत तिथं जाऊन बसायचं. गाव विचारलं की करंजा सांगायचं. मी मुंबई सांगायचे."

"का गं?" काकांनी विचारलं. या वेळी ते खरंच विचारत होते.

"करंजा कुठं आलं, असं विचारतील म्हणून."

"मंग सांगायचं कुठं आलं ते."

"हो," रोशनी म्हणाली. "तेच. सांगायचं."

 काका घसा साफ करून म्हणाले, "बरं झालं तुला विचारलं. आमाला यातलं काय कळतं?" आणि उठून छत्री घेतली.

ती त्यांच्यासोबत स्टँडपर्यंत गेली. नको म्हणत असतानाही रिक्षात बसली. रिक्षात तिघांच्या मांड्या एकमेकांना चिकटल्या होत्या आणि बाजूच्या पडद्यातून पाणी आत येत होतं. उरणची गाडी लागलेलीच होती. काकांनी आधी कोमलला चढवलं, मग स्वतः चढले आणि खिडकीची काच वर सरकवली.

"तिकडं लिहायचं काय असतं ना, अर्जबिर्ज, ते हिला जमत नाय," ते खिडकीतून म्हणाले. "पुढच्या आठवड्यात पुन्हा पाठवतो हिला. चालंल?"

कोमलला सगळे अर्ज जमत होते. ती पलीकडे तोंड करून बसली होती, पण तिचे कान लाल झालेले रोशनीला दिसले.

"चालेल. पाठवा."

गाडी मागे आली, वळली आणि हमरस्त्याला लागली. काका हात हलवत राहिले. मग खिडक्या ओळखू येईनाशा झाल्या. रोशनी फलाटावरच्या बाकावर बसली. शेजारी एक बाई पोतं मांडीशी धरून पेंगत होती. कोणत्या तरी गाडीची घोषणा झाली. रोजच्या या वेळेला ती खोलीत दिवा न लावता बसलेली असायची आणि आईच्या फोनची वाट पाहायची, म्हणजे तो झाला की दिवस संपला असं म्हणता येई. आज तिने स्वतःच फोन लावला.

"काय गं?" आई म्हणाली. मागे टीव्हीवर कुठली तरी मालिका जोरात चालू होती. "गेली का माणसं?"

"आत्ताच गाडीत बसवलं."

"काय सांगितलंस मग कोमलला?"

"पाठवायला सांगितलं."

"बरं केलंस. काका तुझंच ऐकतात." थोडा वेळ मालिकेतल्या बायाच बोलत राहिल्या. "काम झालं आजचं?"

रोशनीने तोंड उघडलं. हो, आताच झालं, हे शब्द जिभेवर तयार होते. समोर एक गाडी येऊन लागली, माणसं उतरली, आपापल्या छत्र्या उघडून आपापल्या वाटेने गेली.

"आई," ती म्हणाली, "मला तुला एक विचारायचं होतं."

पलीकडे टीव्ही बंद झाला.

"विचार," आई म्हणाली.